बागूलबाईंचं क्रियापद

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू झाले त्याच दिवशी शिक्षकखोलीत बागूलबाईंच्या हातून चहाचा कप फुटला. असं मी म्हणते, बाई तसं म्हणाल्या नाहीत. आमचे शिपाईकाका केरसुणी घेऊन आले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या बाई, फुटला तर फुटला." बाई खाली वाकून तुकडे गोळा करत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "फुटला नाही हो. मी फोडला. बोलायच्या नादात टेबलाच्या अगदी कडेला ठेवला मी."

शिपाईकाका हसले. खोलीतल्या बाकीच्या कोणी मानही वर केली नाही. त्यांना सवय होती. मला मात्र गंमत वाटली. एका साध्या कपासाठी इतकं कोण बोलतं?

नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं होती. जुन्या नाशकातली आमची मुलींची शाळा, अरुंद जिने, पावसाळ्यात गळणारी वरच्या मजल्याची खोली. मंदाकिनी बागूल तिथे मराठी शिकवायच्या. सटाण्याजवळच्या एका गावातून आलेल्या. उंच, सडपातळ, आवाज असा की मधल्या सुट्टीच्या गोंगाटातही मैदानाच्या टोकाला पोचावा. खळ केलेली कडक सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी सांगितले होते ते, पण टाच बरी झाल्यावरही त्यांनी ते सोडले नाहीत. "पळायला बरे पडतात," म्हणायच्या. पळताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं, पण गरज पडली तर त्या पळतील याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. मोपेडवरून यायच्या. गालात लवंग धरलेली असायची. आणि राग आला की प्रमाण मराठी मागे पडून अहिराणी पुढे यायची. वर्गात कोणी धडा न वाचता आली की, "काय चालनं शे तुमनं?" असा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा सावरून बसायच्या.

आमच्या वर्गांमधली भिंत पातळ होती. त्यामुळे मी मराठीचं व्याकरण वयाच्या पंचविशीनंतर, गंधकाम्लाचे गुणधर्म शिकवता शिकवता, दुसऱ्यांदा शिकले.

बाईंचा एक तास शाळेत प्रसिद्ध होता. दरवर्षी नववीला त्या तो घ्यायच्या. फळ्यावर काही लिहायच्या नाहीत. टेबलाला टेकून उभ्या राहायच्या आणि मुलींना विचारायच्या, एखाद्याला खोटं सांगून, भुलवून आपलं काम साधणं, यासाठी मराठीत शब्द किती? मुली ओरडायला लागायच्या. फसवणं. गंडवणं. चकवणं. बनवणं. झुलवणं. नाडणं. मग बाई एकेक शब्द उचलायच्या.

"बनवते कोण कोणाला? मैत्रीण मैत्रिणीला. एप्रिल फूल करता ना तुम्ही, ते बनवणं. त्यात शेवटी दोघी हसतात. चकवणं खोखोत असतं, तिथं ते कौतुकाचं. झुलवतो तो कचेरीतला साहेब, उद्या या, परवा या म्हणणारा. नाडतात गरजूला, त्याची अडचण ओळखून. गंडवणारा अनोळखी असतो, बाजारात भेटतो आणि गर्दीत नाहीसा होतो. आणि फसवणं?" इथे त्या थांबायच्या. भिंतीपलीकडे मीही खडू हातात धरून थांबलेली असायचे. "फसवता येतं फक्त विश्वास ठेवणाऱ्याला. ज्यानं विश्वासच ठेवला नाही त्याला कोण फसवणार? तेव्हा कोणाला फसवलं गेलं असेल तर त्याला हसायचं नाही. त्यानं विश्वास ठेवला होता, एवढाच त्याचा अर्थ."

मग त्या मुख्य मुद्द्यावर यायच्या. फसणे आणि फसवणे. एका अक्षराचा फरक. "मुलगी फसली, या वाक्यात कर्ता कोण?" मुली एका सुरात सांगायच्या, "मुलगी!" "म्हणजे केलं कोणी?" "मुलीनं!" "आणि ज्यानं खरोखर केलं तो कुठंय?" मुली एकमेकींकडे बघायच्या. "वाक्यातून पळून गेला. तुम्हीच त्याला दार उघडून दिलंत. आता म्हणा, त्यानं मुलीला फसवलं. आला का परत?"

माझ्या एका तासाला ऑक्सिजन तयार करायचा प्रयोग होता. नळी कुठेतरी सैल राहिली आणि पाण्यात एक बुडबुडा येईना. मधल्या सुट्टीत मी वैतागून म्हणाले, "प्रयोग फसला," आणि लगेच जीभ चावली. बाईंकडे पाहिलं. त्या डबा खात होत्या. "प्रयोग फसू शकतो," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "बेत फसतो, गाडीचं चाक चिखलात फसतं. वस्तूंना मी सूट देते, रजनी. माणसांना नाही."

माणसांमध्ये आमचे मुख्याध्यापक मोरे सरही येत होते. भला, भिडस्त माणूस. एकदा त्यांनी फलकावर सूचना लावली, सहल रद्द झाली आहे. सापुताऱ्याची सहल होती, मुली महिनाभर गाणी पाठ करत होत्या. त्या फलकासमोर हिरमुसून उभ्या राहिल्या आणि निमूट वर्गात गेल्या. बागूलबाई सरांच्या खोलीत गेल्या, मी सही करायला तिथेच होते.

"सर, सहल आपोआप रद्द होते का?"

"म्हणजे?"

"पाऊस आपोआप येतो, पाहुणे येतात. सहल रद्द कोणीतरी करतं. तसं लिहा."

सर हसले, थोडे लाजले, आणि खरंच सूचना बदलून लावली. मी सहल रद्द केली आहे, खाली सही. अर्ध्या तासात दहावीच्या मुली त्यांच्या दारात. सर, तुम्ही का रद्द केली? सरांना उत्तर द्यावं लागलं की ठरलेल्या बसवाल्यानं ऐनवेळी नकार दिला. मग एका मुलीचे वडील म्हणाले की ते दुसरी बस बघतात. सहल गेली. त्या सहलीत सर सगळ्यात जास्त नाचले. पण गंमत अशी की त्यानंतर ते सूचना लावण्यापूर्वी एकदा बागूलबाईंना वाचून दाखवायचे.

हे सगळं मजेचं होतं. त्यातलं गंभीर काय ते मला यशोदाच्या वेळी कळलं.

यशोदा भोये पेठकडची. वसतिगृहात राहून आमच्याच शाळेत शिकली, बारावी झाली आणि अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. हुशार, कमी बोलणारी मुलगी. दिवाळीला बाईंना भेटायला यायची, येताना गावाकडची नागलीचे पापड आणायची. एकदा आली ती गळ्यात मंगळसूत्र घालून. कारखान्यातल्याच किरण नावाच्या सुपरवायझरशी तिनं देवळात लग्न केलं होतं. घरच्यांना नंतर सांगितलं. मुलगा चांगला आहे, म्हणाली. दर शनिवारी गावी जातो, आई आजारी असते त्याची. बाईंनी तिला साडी दिली, ओटी भरली.

वर्ष सरता सरता ती पुन्हा आली. या वेळी दिवाळी नव्हती. शाळा सुटल्यावर जिन्याखाली उभी होती. गावी आजारी आई नव्हती, बायको होती. विंचूरला. एक मुलगीही होती. कारखान्यातल्या कोणीतरी ते बोलून दाखवलं, तिनं किरणला विचारलं, तर तो म्हणाला, "तुला आधी वाटलं नाही विचारावंसं?" आणि खोली सोडून निघून गेला.

आम्ही तिला शिक्षकखोलीत बसवलं. ती रडत नव्हती. एकच वाक्य सारखं म्हणत होती. "मी फसले बाई. मी फसले. आता गावात कोणत्या तोंडानं जाऊ?"

मला वाटलं, बाई तिला जवळ घेतील. त्यांनी समोरची खुर्ची ओढली आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"यशोदा, नववीतला माझा तास आठवतो?"

तिनं मान हलवली.

"मग वाक्य नीट कर."

मला त्या क्षणी बाईंचा राग आला. ही काय वेळ आहे? पण यशोदानं डोळे वर केले. बराच वेळ ओठ हलवत राहिली, मग अगदी हळू म्हणाली, "किरणनं मला फसवलं."

"हां," बाई म्हणाल्या. "आता सांग, तोंड कोणी लपवायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी पोलीस चौकीत गेलो. यशोदाचा मोठा भाऊ काशिनाथ गावाहून आला होता, तो बाहेर थांबला. तिथले जमादार वयस्क होते, वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांनी यशोदाचं ऐकून घेतलं, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "सदर तरुणी प्रेमप्रकरणात फसली असून—"

"थांबा," बाई म्हणाल्या. "कोणी फसवलं ते पहिल्या ओळीत येऊ द्या."

"मॅडम, ते खाली येतंच ना. अर्थ एकच."

"अर्थ एक नाही. तुम्ही लिहिलंय त्यात हिनं काहीतरी केलंय. हिनं लग्न केलं, तेही विश्वासानं. स्वतःचं आधीचं लग्न लपवून, खोटं सांगून त्यानं हिच्याशी लग्न लावलं. तसं लिहा."

"अहो, आम्ही वर्षानुवर्षं असंच लिहितो."

"मग वर्षानुवर्षं ते सुटत असतील."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. बाई हलल्या नाहीत. पदर खोचून बाकावर बसून राहिल्या, जणू वर्गात एखाद्या मुलीच्या उत्तराची वाट बघत आहेत. काही वेळानं जमादारांनी कोरा कागद घेतला. "सांगा," ते म्हणाले. बाईंनी यशोदाकडे बोट केलं. "ती सांगेल." आणि यशोदानं सांगितलं. प्रत्येक वाक्याची सुरुवात त्याच्या नावानं केली. त्यानं सांगितलं, त्यानं लपवलं, त्यानं शपथ घेतली. सांगता सांगता तिची पाठ ताठ होत गेली, हे मी शेजारी बसून पाहिलं.

पण नुसत्या जबाबानं भागणार नव्हतं. बाईंच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी स्पष्ट सांगितलं, पहिल्या बायकोनं तोंड उघडलं नाही तर तो सरळ म्हणेल की आपलं आधी लग्न झालेलंच नाही. गावाकडचं लग्न, कुठे नोंद नाही. पहिली बायको बोलली तर पाय रोवता येईल.

काशिनाथनं उपाय काढला. "सोपं हाय. तिला जाऊन सांगू, तुझा नवरा नाशकात दवाखान्यात पडलाय. धावत येईल. एकदा वकिलाकडं आणली का मग सांगू खरं काय ते."

वकीलबाईंनी समोरचे कागद चाळायला घेतले. खरं सांगायचं तर मला त्यात चुकीचं काही दिसलं नाही. काम चांगलं होतं.

"नाही," बागूलबाई म्हणाल्या. "फसवून आणलेली साक्ष मला नको."

"बाई, ती आपल्या मनानं यायची नाय. सासूसासऱ्यात राहते."

"मग नाही आली तर नाही. पण एका बाईला न्याय द्यायला दुसरीला फसवायचं? मग त्याच्यात आणि आपल्यात उरलं काय? तिलाही त्यानं फसवलंय, काशिनाथ. तिला अजून माहीत नाही, एवढंच."

काशिनाथ चिडला. तुमची व्याकरणं शाळेत ठेवा, माझ्या बहिणीचं आयुष्य चाललंय, असं काहीबाही बोलला. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "रविवारी मी विंचूरला जाते. खरं काय ते सांगते. रजनी, येतेस?"

येवल्याकडच्या एसटीत आम्ही बसलो. निफाड मागे पडलं तशा बाई आपणहून बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत त्या स्वतःबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. कपाळ मोकळं असायचं, कोणी विचारलं नव्हतं.

"माझं लग्न काकांनी ठरवलं," त्या म्हणाल्या. "सख्ख्या. मुलगा मालेगावला नोकरीला. तिथं त्याचं एक बिऱ्हाड आधीच होतं, आणि ते काकांना माहीत होतं. त्यांना त्या घराशी सोयरीक हवी होती. मी काही महिन्यांत परत आले. आमचे आप्पा ओट्यावर बसून येईल त्याला सांगायचे, पोरगी फसली, पोरगी फसली. लोक हळहळून जायचे. एक दिवस मी सगळ्यांसमोर बाहेर आले. काका तिथंच बसले होते. म्हटलं, फसनी नही, आप्पा. फसाडी. काकानी फसाडी. म्हणजे काकांनी फसवली."

"मग?"

"मग काय. काका उठून गेले. आई आत रडायला लागली. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, शिकशी का? मी म्हटलं, शिकते." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्या दिवसापर्यंत घरातली चूक मी होते. एका वाक्यानं ती उचलून जिथली तिथं ठेवली. मी काही फार शूर नव्हते, रजनी. पण ते वाक्य बोलल्यावर मला जेवण जायला लागलं."

विंचूरला किरणचं घर कांद्याच्या चाळींच्या मागे होतं. लता, त्याची बायको, अंगणात कांदे निवडत बसली होती. बाईंनी आडून काही विचारलं नाही. ओळख सांगितली, आणि मग सगळं सांगितलं. शांतपणे, एकही गोष्ट न वाढवता. लता ऐकताना कांदा हातात तसाच धरून बसली. मग ताडकन उठली. "माझ्या दारात येऊन माझ्या नवऱ्याची बदनामी करताय? निघा हितनं." आतून सासूनं विचारलं, कोण आहे गं? "कोनी नाय, चुकून आल्यात," म्हणत तिनं दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेत मी म्हणाले, "संपलं." बाई म्हणाल्या, "आपण का आलो ते तिनं सासूला सांगितलं नाही. पाहिलंस का?"

त्या पुन्हा गेल्या. त्यानंतरही गेल्या, कधी मी सोबत, कधी एकट्या. दारावर जायच्या नाहीत. लताला त्रास व्हायला नको म्हणून स्टँडजवळ चहाच्या टपरीवर बसायच्या, पुस्तक वाचायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायच्या. बाजाराला येता-जाता लता त्यांना बघायची आणि तोंड फिरवायची. इकडे काशिनाथनं बोलणं सोडलं होतं. किरण कारखान्यात मजेत कामावर जात होता. शाळेच्या व्यवस्थापनातल्या एकांनी मोरे सरांकरवी निरोप पाठवला की बाईंनी यात पडू नये, शाळेचं नाव येतं. भिडस्त मोरे सरांनी तो निरोप बाईंना दिला आणि वर म्हणाले, "मी निरोप दिलाय. तुम्हाला थांबवलेलं नाही." त्यांचंही व्याकरण सुधारलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका रविवारी मी सोबत असताना लता टपरीपाशी आली. कडेवर मुलगी. पदरानं घाम पुसत उभी राहिली.

"तुमी पुन्ना पुन्ना का येताय?"

"मी तुम्हाला सांगायचं ते सांगितलंय," बाई म्हणाल्या. "आता तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकायला येते."

लतानं मुलीला कडेवरून खाली उतरवलं. "माझं म्हननं?" ती म्हणाली. "ते अजून कोनी इचारलंच नवतं." ती बाकावर बसली. मुलगी बाईंच्या कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या ओढायला लागली. "मी इचारलं त्यांना. आधी नाय म्हनले. मंग म्हनले, तुला काय कमी पडतंय? बाई, मी लय फसले."

मी बाईंकडे पाहिलं. आता त्या तिला सुधारणार, अशी मला धास्ती वाटली. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली. ती प्यायली. मग तिनं मुलीला पाजलं. बाईंनी लताला बोलू दिलं, पार शेवटची गाडी लागेपर्यंत.

गाडीत मी विचारलं, "तिला नाही सुधारलंत?"

"ती माझ्या वर्गात नव्हती," बाई म्हणाल्या. "आणि घाई कसली? तिचं वाक्य ती करेल."

लतानं ते केलं. सोपं झालं नाही. ती माहेरी भावाकडे निघून आली, त्यात भांडणं झाली, मध्येच एकदा तिनं निरोप पाठवला की मला जमणार नाही. बाई पुन्हा गेल्या, म्हणाल्या, "जमणार नसेल तर नको. मी फक्त बघायला आले, जेवतेस ना." तारखा पडत गेल्या. शेवटी ती नाशिकच्या कोर्टात उभी राहिली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. किरणचा वकील पोटात शिरल्यासारखा गोड बोलत होता. "ताई, गैरसमज झाला असेल. तुम्ही दोघी एकमेकींच्या बोलण्यात येऊन फसलात, असं तर नाही ना?"

लतानं त्याच्याकडे पाहिलं, मग किरणकडे. यशोदा दाराजवळ उभी होती, तिच्याकडेही पाहिलं. "आमी कोनी फसलो नाय साहेब," ती म्हणाली. "यानं फसवलं. आमाला दोघींना."

बागूलबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

त्याला शिक्षा झाली. फार मोठी नव्हती, आणि वरच्या कोर्टात तो जाणार हेही सगळ्यांना माहीत होतं. नोकरी गेली. पण मला लक्षात राहिली ती त्यानंतरची गोष्ट. कोर्टाच्या आवारात काशिनाथ बाईंसमोर आला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, जमेना. बाईच म्हणाल्या, "भूक लागलीय. मिसळ खाऊ सगळे." आणि आम्ही सगळे जाऊन मिसळ खाल्ली. लता आणि यशोदा एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये ती छोटी. फार बोलत नव्हत्या. छोटीला तर्री तिखट लागली तेव्हा दोघींचे हात एकदमच पाण्याच्या पेल्याकडे गेले.

यशोदानं पुढे परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि तिच्याच तालुक्यात, पेठच्या बाजूला, आरोग्य केंद्रात लागली. गावात ती आधी मान खाली घालून गेली असेल असं मला वाटायचं. तिनं एकदा सांगितलं, तसं झालं नाही. पहिल्याच दिवशी पाणवठ्यावर एका बाईनं तिला विचारलं, काय गं, फसलीस म्हणे शहरात? तर ती म्हणाली, "नाय. फसवलं मला एकानं. त्याला सजा झाली." विचारणारीच गडबडून गेली म्हणे.

बाई दोन हजार सालानंतर काही वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण करायला उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या की मला निरोप तुम्ही देताय, मी जात नाहीये. सगळे हसले. मग त्या खरोखरच रोज मधल्या सुट्टीत शाळेत यायला लागल्या, नव्या मराठीच्या बाई वैतागेपर्यंत. तेव्हा मात्र समजून थांबल्या. मोपेड विकली. गुडघे दुखायला लागले होते. सटाण्याकडे भावाच्या मुलाकडे राहायला जायचं चाललंय असं कानावर आलं. आमच्या भेटी कमी झाल्या, मी दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिका झाले होते, दिवस कसे जायचे कळत नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते महापालिकेच्या तरणतलावावर. माझ्या धाकट्या मुलीला मी उन्हाळी वर्गाला घेऊन जायचे. सकाळी बायकांची वेळ असायची. मी वरच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र चाळत होते, आणि खालून ओळखीचा आवाज आला. अख्ख्या तलावावर घुमला.

"हे बघ मुली, धरलंय म्हणून सांगायचं आणि मागून हात काढायचा, ते चालणार नाही मला."

कडेला, पाण्यात, छातीपर्यंत उभ्या होत्या बागूलबाई. डोक्याला रबरी टोपी, अंगात पंजाबी ड्रेससारखा काहीतरी पोशाख, आजूबाजूला दहा-बारा वर्षांच्या मुली. शिकवणारी तरुण मुलगी त्यांच्या पोटाखाली हात धरून उभी होती आणि हसू आवरत होती.

"अहो मावशी, सगळ्यांना असंच शिकवतो. सांगून सोडलं तर घाबरतात."

"घाबरेन की. पण सांगून सोड."

"बुडाल."

"बुडेन. वर पण येईन. तू सांगून सोड."

मी हाक मारणार होते. मारली नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पोहायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसती उभी राहिले, कठड्याला धरून.

"सोडू?" मुलीनं विचारलं.

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. पाय लांब केले. हात पुढे ताणले.

"सोड," त्या म्हणाल्या.

तिनं सोडलं. बाई गेल्या ना खाली, टोपीसकट. पाणी उसळलं, बारक्या मुली ओरडल्या. मग पुढे हातभर अंतरावर डोकं वर आलं, तोंडानं पाणी उडवत, खोकत, डोळे गच्च मिटलेले, आणि हात चालू होते.